दिसू नये असा बंगला

तात्यांना बंगला हवा होता तो लांबून दिसणारा, आणि मला बांधायचा होता तो जवळ जाईपर्यंत न दिसणारा. आमच्या प्रवासातलं सगळं भांडण एवढ्यात आलं. भांडण वगळून जे उरलं ते भाकरी, धूळ, थंडी आणि भंडारदऱ्याचं पाणी. तेही सांगतेच.

मी पुण्यात घरांचे नकाशे काढते. राहत्या घराच्या मागच्या खोलीत एक ड्रॉइंग बोर्ड, एक उंच स्टूल आणि दारावर माझ्या नावाची पाटी, एवढं माझं ऑफिस. पाटी वाचूनही लोक विचारतात, "साहेब आहेत का?" साहेब बँकेत असतात, तेव्हा लोक नाइलाजाने माझ्याशी बोलतात. आजवर मी कुणाच्या दवाखान्याला पोटमाळा काढून दिला, कुणाच्या जुन्या घराला संडास जोडून दिला. पायापासून कौलापर्यंत माझं असं घर एकच, एरंडवण्यातलं, तेही लहानसं. त्या अंगणातला सोनचाफा मी मालकांना तोडू दिला नाही, भिंतच वळवून घेतली.

त्या घरात सोनईच्या तात्यांची लेक दिली आहे. तिच्याकडे पाहुणचाराला आलेल्या जिजींनी, म्हणजे तात्यांच्या पत्नीने, तो चाफा आणि ती वळलेली भिंत पाहिली आणि घरी जाऊन सांगितलं, धरणावरचं घर बांधायचं तर ह्याच बाईच्या हातून. तात्या मोठे बागाईतदार, नेवाशाकडे पाटाखाली त्यांचा ऊस. भंडारदऱ्याला एका नाशिकच्या वकिलाने घेऊन नुसती ठेवलेली जागा त्यांनी विकत घेतली होती. श्रावणात त्यांच्या जावयांबरोबर जाऊन मी ती मोजून आले आणि घरी येईपर्यंत माझ्या डोक्यात घर उभं राहिलं होतं. असं काम पुन्हा चालून येणार नव्हतं. हे उभं राहिलं असतं तर दारावरच्या पाटीला अर्थ होता, नाही तर आहेच लोकांचे संडास जोडणं.

नगरहून सोनई

एकाहत्तरच्या नोव्हेंबरात, ईद होऊन चारच दिवस झाले असतील, मी एस.टी.ने नगरला उतरले. मांडीवर मिठाईचं मोठं खोकं होतं आणि त्यात बंगला होता. पुठ्ठ्याच्या उतारावर पायरी पायरीने उतरणाऱ्या खोल्या, दोन मोठ्या खडकांच्या मध्ये घर, काळ्या दगडाच्या भिंती दाखवायला काजळी आणि छपरावर डिंकाने चिकटवलेलं खरंखुरं वाळलं गवत. शिरूरपासून एक बाई त्या खोक्याकडे टक लावून बसली होती. शेवटी मी झाकण उघडून दाखवलं तर म्हणाली, "आगं बया, मला वाटलं बर्फी."

स्टँडवर तात्यांची जीप घेऊन लतीफ आला होता. हा भिंगारचा. आईने डबा भरून ठेवलाय म्हणून त्याने जीप आधी भिंगारला घातली. जुन्या बाजारातून पुढे गेलो तर लष्कराच्या गाड्यांची रांग काही संपेना, ताडपत्री ताणून बांधलेली, एकामागून एक स्टेशनाच्या बाजूला निघालेली. "रातंदिस चाललंय बाई," लतीफ म्हणाला. "माजा भाऊ वर्कशॉपात हाय, तो घरी जेवायला बी येत न्हाई." त्याच्या आईने शीरखुर्म्याचा डबा माझ्या हातात दिला आणि लढाई होणार का, असं मलाच विचारलं. पुण्याहून आलेल्या माणसाला सगळं ठाऊक असतं, अशी तिची समजूत असावी. मी नाही होणार म्हणून सांगून टाकलं.

घोडेगावच्या पुढे आत वळलं की शिंगणापूर लागतं. तिथल्या घरांना दारं नाहीत, हे मी ऐकून होते, पण माझ्या धंद्यातल्या माणसाने ते डोळ्यांनी पाहायलाच हवं. चौकट आहे, उंबरा आहे, दार नाही. मला तर लई गंमत वाटली. (नगर जिल्ह्यात दोन तास काढले की तोंडात 'लई' येतंच.) रात्री जेवताना मी त्याचं कौतुक करायला लागले तर जिजी भाकरी थापता थापता म्हणाल्या, "तिथं चोर येत न्हाई म्हनत्यात. पाव्हना येतोच की!"

तेव्हा मी हसले आणि विसरून गेले.

तात्यांचा सोनईचा बंगला अगदी रस्त्यावर, आकाशी रंगाचा, मजल्यावर मजला. गच्चीच्या कठड्यावर सिमेंटची बैलजोडी आहे आणि दर पोळ्याला तिची शिंगं नव्याने रंगवतात. घोडेगावच्या फाट्यावर कुणालाही विचारा, बैलांचा बंगला म्हटलं की बोट दाखवतो. स्वयंपाकघरात नव्या पद्धतीचा ओटा आहे, त्यावर लोणच्याच्या बरण्या ठेवल्या आहेत. जिजींची चूल मागल्या पडवीत, जमिनीवर.

मी संध्याकाळभर तिथेच बसले होते. साखर कारखान्याचा हंगाम नुकताच सुरू झालेला, त्यामुळे कुणी ऊसतोडीचं विचारायला येत होतं, कुणी लग्नाचं सांगायला, कुणी नुसतंच बसायला. दर थोड्या वेळाने बाहेरून तात्यांची हाक, "चा टाका वं!" चहाचं पातेलं चुलीवरून उतरतच नव्हतं. पण पाहण्यासारखी गोष्ट वेगळीच होती. जिजी चुलीकडे पाठ करून माझ्याशी बोलत, शेंगा फोडत बसलेल्या असायच्या. बोलता बोलता हात मागे जायचा आणि दूध काठाला आलं न आलं तोच पातेलं खाली उतरलेलं असायचं. एकदाही मागे वळून पाहिलं नाही. मी घरी डोळ्यांत तेल घालून उभी राहते, तरी आठवड्यातून दोनदा शेगडी पुसावी लागते.

"जिजी, पाठीला डोळे आहेत का तुमच्या?"

"लगीन झाल्यापसनं एकदा बी उतू गेलं न्हाई बग," त्या म्हणाल्या. "सासू लई कडक हुती."

जेवण म्हणजे बाजरीची भाकरी, वांग्याचं भरीत, शेंगदाण्याची चटणी आणि वर लोण्याचा गोळा. पुण्यात आम्ही पाहुण्याला "अजून घ्या ना" म्हणतो आणि त्याच्या "नको"वर विश्वास ठेवतो. इथे "नको" म्हणेपर्यंत ताटात पडलेलं असतं.

सकाळी मी खोकं अंगणातल्या ओट्यावर उघडून ठेवलं आणि हात धुवायला गेले. परत येते तो शेळीने बंगल्याचं छप्पर खाल्लेलं. गवत तर खाल्लंच, वर डिंकही चाटून घेतला. मला रडू यायचं बाकी होतं आणि तात्या हसून हसून खाली बसले. "बाई, शेळीला सुदिक वाटलं ह्यो डोंगरच हाय!"

"तेच तर, तात्या! तसंच वाटायला हवं."

"आन् माणसांना?"

"माणसांनाही."

तात्यांचं हसणं थांबलं. "मंग बांदायचा कशाला?" ते म्हणाले. "धरनाच्या भितीवर हुबं राहनाऱ्यानं इचारलं पायजे, ह्यो कुनाचा बंगला?"

यावर मी काही बोलायच्या आत लतीफने हॉर्न वाजवला.

घाटमाथ्याकडे

श्रीरामपूरवरून संगमनेर, मग अकोले. पहिली वाट सगळी उसाची. बैलगाड्यांच्या मागे जीप रांगत होती, आणि तात्या प्रत्येक गाडीतल्या उसाकडे बघून तो कुणाच्या रानातला असेल ते सांगत होते. माझ्या पायाशी जिजींचा संसार होता: पिठाचा डबा, परात, पातेली. भंडारदऱ्याच्या विश्रामगृहात खानसामा आहे, असं मी सांगून पाहिलं. जिजींनी माझ्याकडे असं पाहिलं की मी पुन्हा तो विषय काढला नाही.

अकोल्यापुढे रस्ता चढायला लागला तसे तात्या गप्प झाले. प्रवरा, तात्यांच्या पाटाची नदी, मधूनच खाली चमकायची. राजूरला चहा प्यायलो तेव्हा ते नदीकडे बघत एकदम म्हणाले, "माजा बाप म्हनायचा, ह्ये पाटाचं पानी येतं कुठनं ते एकदा बगायचं हाय. आदी कोरडवाहू व्हतो आमी, कुसळं खात हुतो. पाट आला आन् मानसात आलो. पन त्याचं बगायचं ऱ्हाऊन गेलं." चहाचा कप खाली ठेवून ते जीपमध्ये जाऊन बसले.

मला वाईट वाटलं. एका बंगल्यामागे एवढं काही असेल, हे मला ठाऊक नव्हतं. पण म्हणून छपरावर सिमेंटचे बैल चढवायला मी तयार नव्हते, हेही खरंच.

पुढचा मुलूख पाहिल्यावर मी उगाच पुण्यात राहते असं वाटलं. भात कापून झालं होतं, खाचरांत पेंढ्या रचलेल्या, आणि उतरत्या उन्हात डोंगरांवरचं गवत पिवळं झालेलं. देशावर घर आधी दिसतं आणि मग माणूस. इथे माणूस दिसतो, धूर दिसतो, घर शोधावं लागतं. कारवीच्या कुडाच्या भिंती शेणाने सारवलेल्या, छप्पर इतकं खाली आलेलं की वाकल्याशिवाय आत जाता येत नाही. मला हवा तो बंगला इथल्या लोकांनी कधीचाच बांधून ठेवला होता. मी ते तात्यांना बोलून दाखवलं. ते म्हणाले, "मंग ह्येनला पैकं मिळाले तर ह्ये बी माज्यावानीच बांदतील."

शेंडी गाव मागे टाकून जीप जागेवर पोचली. मी उडी मारून उतरले आणि तिथेच उभी राहिले.

श्रावणात मी मोजलेलं वरचं टेकाड गायब होतं. त्या जागी एकसारखं, लांबरुंद, तांबडं मैदान. एक झुडूप नाही, एक धोंडा नाही. दिवाळीनंतर तात्यांनी सोनईहून गडी आणि बैलजोड्या पाठवल्या होत्या, माती ओढून रान सपाट करायची केणी पाठवली होती. निघालेली माती खाली उतारावर लोटली होती, माझ्या दोन खडकांच्या दिशेने. त्या खडकांशेजारच्या हिरड्याच्या खोडावर कुऱ्हाडीने तोडायची खूण करून ठेवली होती.

"तुमचा तरास वाचवला, बाई," तात्या मोठ्या खुशीने म्हणाले. "रान असं पायजे, पान्यानं इचारू नई की कुठनं जाऊ."

त्यांनी हे प्रेमाने केलं होतं. पाटाच्या पाण्यावर जगलेल्या माणसाला सपाट जमिनीइतकं सुंदर काही नसतं, हे मला आज इथे बसून लिहिताना समजतं. तेव्हा मात्र माझं डोकं फिरलं.

"तात्या, तुम्ही डोंगराची हजामत केलीत!"

लतीफने तोंड फिरवलं. तात्यांचा चेहरा उतरला, मग तापला. "जागा माजी हाय," ते म्हणाले. "बंगला हितं वरच व्हनार, भितीवरनं दिसंल असा. तुमाला जमत नसंल तर सांगा. पुण्यात नकाशावाले लई पडल्यात."

"नाही जमणार," मी म्हणाले. जिजी खाली उतारावर जाऊन, हिरड्याला टेकून, पाण्याकडे तोंड करून उभ्या होत्या.

विश्रामगृहात जेवताना तात्यांनी मीठ मागितलं आणि मी दिलं, एवढंच आमचं बोलणं झालं. ताटं उचलताना जिजी मला हळूच म्हणाल्या, "उंद्या तुजा नकाशा आखून तर दाव. आखायला काय जातंय?" आणि तात्यांना ऐकू जाईल अशा आवाजात, "तिला आखू द्या. एवढी लांबनं आलीया."

जागेवर

घर बांधायच्या आधी आम्ही नकाशा जमिनीवर फक्कीने, म्हणजे चुनखडीच्या भुकटीने, आखतो. मालक त्यातून चालून बघतो आणि बहुतेक वेळा घाबरतो, कारण उघड्या आभाळाखाली प्रत्येक खोली लहानच दिसते. मी दिवस वर यायच्या सुमाराला लतीफला टेप धरायला लावून कामाला लागले. आखलं ते खालीच, खडकांच्या मध्ये. पाण्याच्या बाजूला दिवाणखाना, मागे खडकाच्या आडोशाला स्वयंपाकघर, मध्ये हिरडा. गेलंच काम तर जाऊ दे, एकदा घर त्याच्या जागेवर पाहून तरी घेऊ, असं मनात होतं.

तात्या वरच्या मैदानाच्या कडेला येऊन उभे राहिले. "ह्यो दिवानखाना? माजी म्हस बी मावायची न्हाई ह्यात!"

"म्हशीला व्हरांडा आहे," मी म्हणाले. त्यांना हसू आलं असावं, पण त्यांनी ते मिशीत ठेवलं.

तेवढ्यात वर जिजींचा खोळंबा सुरू झाला. त्यांनी मैदानावर तीन दगडांची चूल मांडली होती. त्या मोकळ्या माथ्यावर धरणावरून येणारा वारा असा सुटला होता की काडी पेटेना. पेटली तर विझे. पदराचा आडोसा केला तर ताजी ओढलेली माती उडून परातीतल्या पिठात पडली. दोनदा पीठ चाळून झालं. तात्या म्हणाले, "जीप आडवी लावू का?" जिजींनी उत्तर दिलं नाही. त्यांनी चुलीचे दगड एकेक करून पदराने धरून खाली आणले आणि माझ्या फक्कीच्या रेघा ओलांडून सरळ आत आल्या.

मी सांगायला लागले, "जिजी, स्वयंपाकघर मागे आहे, हा दिवाणखाना..."

"असूंदे," म्हणून त्यांनी दगड तिथेच मांडले. दोन्ही खडकांनी वारा अडवला होता. चूल एका काडीत पेटली. शेजारच्या वाडीतल्या एका बाईने म्हशीचं दूध आणून दिलं, ते त्यांनी चुलीवर ठेवलं आणि त्या बसल्या. समोर पाणी पसरलेलं, त्यात रतनगडाकडचे डोंगर उलटे पडलेले. मी आणि लतीफ शेवटची रेघ ओढत होतो. वाऱ्याचा आवाज वरून जात होता आणि खाली सगळं शांत होतं.

मग फस्सकन आवाज आला.

दूध उतू गेलं होतं. चुलीतून पांढरा धूर उठला, दगडावरून दूध ओघळलं आणि माझ्या फक्कीच्या रेघेत मिसळलं. जिजी दचकून पातेल्याकडे वळल्या आणि पदराने ते उतरवायला गेल्या.

"ऱ्हाऊ दे!" वरून तात्या ओरडले. "ऱ्हाऊ दे, हात लावू नको!"

ते माती घसरत, धोतर सावरत खाली आले, चपला रेघेच्या बाहेर काढल्या आणि चुलीसमोर हात जोडून उभे राहिले. नव्या घरात चुलीवर दूध उतू जाऊ देतात, ते आपण सगळेच करतो. पण मुहूर्त बघून, मुद्दाम. इथे घराचा पत्ता नाही, नुसती पांढरी रेघ, आणि ज्या बाईच्या हातून जन्मात उतू गेलं नाही तिच्या हातून गेलेलं. जिजींनी पिशवीतून कुंकवाची डबी काढली. तात्यांनी दगडाला बोट लावलं.

मग तात्यांनी मान वर करून त्या दोन खडकांकडे, हिरड्याकडे, वरच्या सपाट मैदानाकडे एकदा पाहून घेतलं.

"चूल हितं पेटली," ते म्हणाले. "आता हलवता यायची न्हाई." आणि माझ्याकडे न बघता, "ते झाड बी राहू द्या."

डोळ्यांत पाणी आलं ते धुराने, असं मी लतीफला सांगितलं. तात्या तिथेच फतकल मारून बसले आणि चहा होईपर्यंत पाण्याकडे बघत राहिले. मग म्हणाले, "म्हाताऱ्याला आनायला पायजे हुतं."

चहा पिऊन झाल्यावर मात्र त्यांनी गाडी रुळावर आणलीच. वरच्या मैदानाचं काय करायचं? मी म्हटलं, खळं करा, गाड्या लावा, आणि रस्त्याच्या तोंडाशी फाटक बांधा. फाटकावर बैलजोडी मी स्वतः बसवून देते. तात्यांची कळी खुलली. "भितीवरनं दिसंल?"

"फाटक दिसेल."

"बैल बसवा," जिजी भाकरी उलटत म्हणाल्या. "पन नावाची पाटी लावू नका."

दुपारी भांडी घासायला आम्ही दोघी पाण्याच्या कडेला गेलो. माझ्या मनात एक शंका केव्हाची वळवळत होती. पाठीला डोळे असलेल्या बाईच्या समोर दूध उतू जातं, तेही नेमकं तिथे? मी राख चोळता चोळता विचारलंच, "जिजी, खरं सांगा, मुद्दाम ना?"

त्या थांबल्या. मला वाटलं, हसतील. पण त्या हसल्या नाहीत.

"न्हाई गं बाई," त्या म्हणाल्या. "सोनईला चुलीम्होरं भित हाय. पयल्या घरी बी भितच हुती. आज बसले तर म्होरं ह्ये समदं पानी. कुनी 'चा टाका' म्हनत न्हाई, कुनी दारात न्हाई. बघत ऱ्हाले. दुधाची यादच ऱ्हाली न्हाई." पातेलं पाण्यात बुडवून त्यांनी वर काढलं. "माज्या हातनं दूध उतू जातंय म्हंजी घर तिथंच पायजे."

परत आले आणि आठवड्याच्या आत लढाई सुरू झाली. आता ब्लॅकआउटसाठी खिडक्यांना खाकी कागद चिकटवून बसलो आहोत. सिमेंट कधी मिळेल, कुणी सांगत नाही. लतीफच्या आईला मी काय सांगून आले, ते आठवून चुकल्यासारखं होतं. पण तात्यांचं पत्र आलं आहे, दगड काढायला माणसं लावली म्हणून, आणि मी दिवसा नकाशा नव्याने काढते आहे. दिवाणखाना मागे, खडकाच्या आडोशाला गेला. पाण्याच्या बाजूला स्वयंपाकघर आलं. त्याची खिडकी मी उभ्या माणसाच्या उंचीवर काढली होती, ती पुसली आणि खाली आणली, चुलीपाशी बसलेल्या बाईच्या डोळ्यांसमोर येईल इतकी.